खोगीरभरती

परवा बैठकीत कुणीसं म्हणालं,
"ही सगळी खोगीरभरती आधी काढून टाका."
सगळे हसले. मीही, सवयीनं.
मग तळहाताला आठवली लोकर,
पिंजलेली, किंचित तेलकट,
मेंढीचा वास अजून न गेलेली.

लश्करात जनकगंजच्या उतारावर आमचं दुकान.
पाटी नव्हती. दारावर एक जुनी रिकीब टांगलेली,
वाऱ्यानं वाजायची. तुळाजी जिनगर कुठे राहतो
हे लोक कानानं शोधायचे.

पौषात मेळा भरे. मुरारच्या वाटेवर
धुकं इतकं दाट की घोडे आधी ऐकू येत,
मग दिसत, तेही खुरांपासून वर.
आबा म्हणत, "हेच बरं. तोंड शेवटी बघावं.
पंधरा पावलं मागं ये. डोळे बारीक कर.
कुमैत, सब्जा, अबलख, ही नुसती कापडं. ती उतरव.
आता दिसतात तीन वाटे?
खांदा, पाठ, पुठ्ठा.
एकानं दुसऱ्याचं खाल्लेलं नसावं."

मी नऊ वर्षांची.
मला नाकपुड्यांतली वाफ तेवढी दिसे.

पुढच्या मेळ्यात थोडं दिसलं.
पाठ आखूड, पण पोटाखालची रेघ लांब:
उभा असताना लहान, धावताना मोठा.
शेजारच्या गवंड्याचा ओळंबा आबा मागून आणत,
पुठ्ठ्याच्या टोकापासून सोडत,
दोरी मागच्या ढोपराला शिवून
सरळ मातीत उतरली तर हुंकार देत.
खुरावरचं मनगट ज्या कोनात कलतं
त्याच कोनात खांदा कलायला हवा,
नाहीतर प्रत्येक पावलाचं व्याज
स्वाराच्या कण्यातून वसूल होतं.
भोवरा कपाळावर की मानेवर, असं कुणी विचारलं
की आबा तंबाखू मळायला घेत.

त्या वर्षी रिसबूड आले, जंगलखात्यातले,
शिवपुरीला नवी बदली, नवे बूट.
काळी घोडी घेऊनच आले होते, कपाळावर चांदणी.
विचारायचं काही उरलंच नव्हतं;
माणूस प्रेमात होता.

आबा पंधरा पावलं मागं गेले.
मीही गेले. मला आपोआप दिसलं:
घोडी सपाट फरशीवर उभी,
पण उतारावर उभी असल्यासारखी.
मागून दोन बोटं उंच.
मी तोंड उघडलं, आबांनी
माझ्या डोक्यावर हात ठेवला, जरा जड.

"खोगीर उद्या सकाळी," इतकंच म्हणाले.
घोडी रात्री दुकानापुढंच बांधली.

कंदील. दाभण. उसवलेली शिवण.
खोगीर पाठीवर टाकून बैठकीत त्यांनी
एक अख्खी सुपारी ठेवली.
ती घरंगळली, थेट आयाळीकडे.
मी उचलून आणली.
पुढच्या कप्प्यात मूठभर लोकर.
पुन्हा घरंगळली. मागची चिमूटभर काढली.
घोडी कंटाळून एका पायावर रेलली,
तिला सरळ उभी करण्यात अर्धा तास गेला.
"हिला दोष द्यायचा नाही," आबा पुटपुटले,
"आणि त्यालाही सांगायचा नाही.
हाडात बदलता येत नाही ते लोकरीत बदलायचं."
मी किती वेळा सुपारी आणली, मोजलं नाही.
मधे झोपलेही.

जाग आली तेव्हा
सुपारी जागेवर होती.
घोडी श्वास घेई तशी थोडी हले,
आणि पुन्हा तिथंच.

रिसबूड चढले. चौकापर्यंत दुडकी नेली, परत आणली.
म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो ना, घोडी लाखात एक!"
आबा हो म्हणाले.
सुपारी अडकित्त्यात धरून फोडली,
अर्धी त्यांना दिली.

बैठकीचं इतिवृत्त आज टेबलावर आलंय.
खोगीरभरतीच्या ठरावाखाली माझ्या नावापुढं
"सहमत" असं लिहिलंय.
खाली सही करायची जागा कोरी.
पेन उघडून बसले आहे कधीची.